धोट्याचा आवाज उशाशी

(रात्र. पूर्व भागातली गल्ली. पत्र्याच्या शेडमधून येणारा उजेड.)

खट-खटाक, खट-खटाक. सोलापूरच्या या भागात मूल जन्मल्यापासून हाच आवाज ऐकतं. माग चालू असेपर्यंत घर गाढ झोपतं. लाइट जाऊन माग थांबले, की सगळे जागे होतात.

(धोटा, अगदी जवळून.)

हा धोटा. याच्या पोटात बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताची कांडी. ताण्याचे, म्हणजे उभे धागे वर-खाली होऊन फट उघडते आणि धोटा या टोकाकडून त्या टोकाला झेपावतो. फणी येऊन सूत ठोकून बसवते. मग धोटा परत. सोलापुरी टॉवेल, चादरी अशाच ठेक्यावर विणल्या गेल्या.

या घरातल्या आजोबांनी, घरचे त्यांना 'तात' म्हणतात, उभा जन्म या ठेक्यावर काढला. गेल्या वर्षी त्यांचे माग भंगारात गेले.

(तात खाटेवर. डोळे उघडे. इथे निवेदन नाही.)

नात कॉम्प्युटर शिकते. तिने त्यांच्या फोनवर झोपेचं अ‍ॅप लावून दिलं. अशी अ‍ॅप्स आता बरीच आहेत. बर्लिनचं एंडेल २०१८ साली सुरू झालं. किती वाजले, बाहेर हवा कशी आहे, मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके किती दाखवतंय, हे बघून ते त्या घटकेचा आवाज तिथल्या तिथे रचतं. पहाटे भैरव, दिवेलागणीला यमन गाणाऱ्या आपल्या लोकांना वेळेप्रमाणे सूर बदलण्याचं नवल वाटू नये.

अशा रचनेची एक जुनी युक्ती फार सुंदर आहे. १९७८ साली संगीतकार ब्रायन इनो यांनी टेपच्या कमी-जास्त लांबीच्या पट्ट्या, टोकाला टोक जोडून, एकत्र फिरवल्या. लांबी जुळत नाही, म्हणून सूर दर वेळी नव्याने एकमेकांना भेटतात. कानाला तेच ते वाटत नाही.

पण तातांनी 'पाऊस' लावला आणि म्हणाले, "हा कुठला पाऊस? पत्र्यावर तर पडत नाही."

(नात, हातात केसाळ टोपी घातलेला माइक.)

मग ती निघाली. सिद्धेश्वर तलावाच्या काठी पहाटेची पाखरं. घराच्या पत्र्यावरचा पहिला पाऊस. आणि शेजारच्या कारखान्यातला माग, तीन रात्री. आधी माइक मागाला खेटून ठेवला, तर नुसता दणका आला. दारापाशी ठेवला, तर रस्त्यावरची रिक्षा आली. शेवटी सापडली ती जागा भिंतीपलीकडची, जिथे लहानपणी तिचं अंथरूण असायचं. रेकॉर्डिंगमधला टोकदार, वरचा आवाज तिने कापला आणि खालची घरघर राहू दिली. झोपेसाठी 'ब्राउन नॉइज' ऐकतात, त्याच्या जवळ जाणारी. त्यातला ब्राउन हा रंग नव्हे. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाचं ते नाव.

शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो आणि त्यात वर्षानुवर्षं राबून कान जातात. तातांचा डावा गेलाय. उरलेला जपायचा, म्हणून फोनचा आवाज अगदी बारीक.

(नव्या कारखान्यातला रेपियर माग.)

या नव्या मागाला धोटाच नाही. जुने माग एकेक करून मोडीत निघताहेत. ज्यांच्या गल्लीत अजून धोटा चालतो, त्यांनी आज रात्रीच फोन काढावा, पाच मिनिटं का होईना, पण आवाज भरून ठेवावा.

(लॅपटॉपचा पडदा. तात शेजारी बसून ऐकताहेत.)

काल तिने आणखी एक तुकडा जोडला. कांडी संपते, माग थांबतो, विणकर धोट्यात नवी कांडी घालतो. तेवढ्या वेळची ती शांतता. तातांनीच मागितली होती. म्हणाले, "न थांबणारा माग खोटा वाटतो गं."

(अंधार. खाटेवर तात. उशाशी फोन. माग चालू.)