आधी घरच्यांना कळू द्या

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतेय. आज व्हॉट्सॲपवरच्या वागण्याबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर एकाच गोष्टीबद्दल, कारण ती माझ्या मनातून जात नाहीये.

मागच्या वर्षी आमचे काका गेले. पहाटे. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, पुण्याहून गाडीत बसलेली, तिला आम्ही एवढंच सांगितलेलं की तब्येत जास्त आहे, तू निघ. एकटी होती ना गाडीत, म्हणून. आणि वडोदरा स्टेशनवर गाडी थांबली, नेटवर्क आलं, आणि आमच्या मंडळाच्या ग्रुपवर काकांचा हार घातलेला फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, त्याखाली चाळीस-एक हात जोडलेले. तिथून इंदूरपर्यंतचा तो सगळा प्रवास तिने एकटीने कसा केला असेल, मी विचारलं नाही अजून.

ज्यांनी टाकलं ते वाईट नव्हते हो, काकांवर त्यांचा जीव होता. चूक लक्षात आल्यावर त्यांनी मेसेज काढायला घेतला, पण घाईत 'डिलीट फॉर मी' दाबलं गेलं, म्हणजे त्यांच्या फोनमधून गेला, बाकी सगळ्यांकडे तसाच. 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबायचं असतं, आता त्याला दोन दिवसांहून जास्त वेळ मिळतो. पण वाचलेलं कुठे डिलीट होतं? आणि तोवर फोटो पुढे गेलेला होता. २०१८ पासून आपल्याकडे एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येतो, पण पहिल्यांदा फॉरवर्ड करताना ते पाचही ग्रुप असू शकतात, आणि एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, हिशोब तुम्हीच करा.

आमच्या आजीच्या वेळी अशी बातमी पोस्टकार्डावर यायची. वरती श्री नसायचा, त्यावरूनच कळायचं, वाचलं की कार्ड फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. लिहिणारा घरचाच असायचा. किती जपून होतं ते सगळं!

बाकी गोष्टी, रात्री बाराला गुड नाइटचे फोटो, पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज, ते चालतं, माणूस सांभाळून घेतो. पण गणपतीच्या वर्गणीचा हिशोब दोनशे लोकांसमोर एकाला विचारणं, ते मात्र टोचतं, आधी फोन करा ना त्यांना.

आता आमच्या मंडळात ठरलंय, घरच्या माणसाने लिहिल्याशिवाय कोणी लिहायचं नाही, विचारायचंही नाही ग्रुपवर. गेल्या महिन्यात रामबागेतल्या एक आजी गेल्या. रात्रभर ग्रुप शांत होता. कळलं होतं बऱ्याच जणांना, दोघं-तिघं तर त्यांच्या घरी जाऊन बसलेले. सकाळी सातला त्यांच्या मुलाने स्वतः दोन ओळी टाकल्या, त्याची बहीण घरी पोचल्यावर.