पिळाच्या झिरमिळ्या

मंडळी, ही पर्स आधी हातोहात फिरू द्या. खाली लोंबणाऱ्या झिरमिळ्यांना हात लावून बघा, ओढलंत तरी चालेल. एकेक झिरमिळी चामड्याच्या दोन वाद्यांची, म्हणजे अरुंद फितींची आहे. आत तार नाही, डिंक नाही, शिवण नाही. तरी ती उलगडत नाही. ती का उलगडत नाही, एवढंच सांगायला मी आज उभी आहे.

सोलापुरात हे सांगणं मला सोपं जातं. समोर सूतगिरणीत आणि मागावर हयात घालवलेली माणसं बसली आहेत. एकेरी सूत आणि दुपदरी सूत यांतला फरक त्यांना मी काय सांगावा! मी स्वतः तो शेजारच्या आजींच्या ओसरीवर शिकले. आजी देवासाठी लांब वाती वळायच्या. सुताचा एकच पदर मांडीवर पिळून सोडला, की तो गरगर फिरून मोकळा व्हायचा. मग त्या दोन पदर घ्यायच्या, दोन्ही एकाच दिशेने पिळायच्या, टोकं एकत्र धरायच्या आणि हळूच सैल सोडायच्या. दोन्ही पदर आपोआप उलट्या दिशेने एकमेकांभोवती वळत जायचे आणि एका जागी थांबायचे. सुटायची जी ओढ प्रत्येक पदरात असते, तीच त्याला दुसऱ्याभोवती विळखा घालायला लावते. दोर, चऱ्हाट, जानवं, सगळं याच ओढीवर उभं आहे. माझी झिरमिळीही.

पण चामडं म्हणजे सूत नव्हे. इथे पाण्याचा संबंध येतो. माझे वडील कोल्हापुरी चपला करायचे. कोल्हापुरी म्हटलं की सगळे कोल्हापूरकडे बघतात, पण २०१९ साली या चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, आणि त्या चारांत आपलं सोलापूर आहे. त्या चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. असं कातडं पाणी पितं. ओलं असताना जो आकार द्याल, तो वाळल्यावर धरून ठेवतं. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ असतं, रंग छान घेतं, पण पिळलं की रबरासारखं मागे येतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या चामड्यात मुळात पीळ बसतच नाही.

हे मी पैसे घालवून शिकले. सुरुवातीला एका दुकानातून सालीत कमावलेलं म्हणून पूर्ण कातडं आणलं. दोन दिवस वाद्या पिळत होते. सकाळी उठून बघावं तर सगळ्या सरळ. तेव्हा वडिलांनी कातड्याची कड रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, तिरकी कापून दाखवली. आतला गाभा निळसर करडा होता. ‘हे क्रोमचं,’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी कातडं घेण्याआधी कड बघते आणि पाण्याचा एक थेंब टाकते. सालीत कमावलेल्या, रंग-पॉलिश न चढवलेल्या चामड्यावर तो जिरतो आणि तिथे गडद डाग उमटतो.

वाद्या पाठीच्या भागातून काढायच्या, कण्याच्या दिशेने. पोटाकडचं कातडं ढिलं. एक वादी ताणली जाते, शेजारची जात नाही, आणि झिरमिळ्या लांबआखूड होतात. शेळीचं, एक मिलिमीटर जाडीचं चामडं मला बरं पडतं, वादी चार मिलिमीटर रुंद. वरची दोन बोटं पट्टी अखंड ठेवायची, ती पर्सच्या शिवणीत जाते. प्रत्येक चीर जिथे संपते तिथे आधी पंचाने बारीक भोक पाडायचं. हे भोक टाळू नका. पीळ दिला की सगळा ताण चिरेच्या टोकावर येतो आणि भोक नसेल तर चीर पट्टीत शिरते.

मग ओलावा. बादलीत बुडवायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. वरून रंग जवळजवळ कोरड्यासारखा दिसतो, पण हाताला गार लागतं, ती वेळ. पहिल्या वादीच्या टोकाला चिमटा लावून उजवीकडे पंचवीस फेरे, शेजारचीलाही उजवीकडेच पंचवीस. फेरे मोजायचे, अंदाज चालत नाही. एकीला जास्त पीळ पडला की ती दुसरीवर चढते आणि झिरमिळी वाकडी होते. मग दोन्ही टोकं जुळवून बोटांच्या चिमटीतून सोडत जायचं. वीतभर वादीची झिरमिळी तीनेक बोटं कमी भरते, म्हणून आधी एक जोडी करून माप घ्या आणि मगच बाकीचं कापा.

वाळवणं सोलापुरात सगळ्यात कठीण. आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. एकदा घाईत मी पट्टी गच्चीवर टाकली, दुपारपर्यंत झिरमिळ्या काळपट पडून काटक्यांसारख्या कडक झाल्या. वाकवली ती मोडली. तेव्हापासून पट्टी फळीवर टाचण्यांनी ताणून सावलीत ठेवते, रात्रभर आणि पुढचा दिवसभर. तेल त्यानंतर, अगदी थोडं. आधी तेल लावलं तर पाणी आत जात नाही.

ही कला आपली एकट्यांची नाही. अमेरिकेच्या दक्षिण मैदानी प्रदेशातले कायोवा आणि कोमांची या आदिवासी जमातींचे लोक हरणाचं कातडं जनावराच्या मेंदूने कमावून, धुरी देऊन मऊ करत आणि अंगरख्यांवर पिळलेल्या लांब झिरमिळ्या सोडत. त्या अंगरख्यांचे फोटो मी तासन्‌तास बघते. इतक्या लांबीला इतका एकसारखा पीळ! ते हात किती वर्षं हेच करत असतील, असं मनात येतं.

पर्स पावसात भिजली तर घाबरू नका. एकेरी पीळ भिजला की सुटतो, दुपदरी थोडा सैलावतो, पण राहतो. ओली असतानाच बोटांनी घट्ट करा, सरळ टांगा, सावलीत वाळू द्या.

मागच्या टेबलावर ओल्या फडक्यात वाद्या ठेवल्या आहेत, सगळ्यांना पुरतील एवढ्या. या, आणि पहिल्या फेऱ्यापासून मोजायला लागा.