खांदमळणीची संध्याकाळ

श्रोतेहो, नमस्कार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदमळणी असते. कुणी खांदशेकणी म्हणतं. बैल धुऊन आणतात, हळद आणि लोणी किंवा तूप कालवून त्याच्या खांद्यावर चोळतात, काही ठिकाणी पळसाच्या पानाने शेकतात. मग त्याला सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी, श्रावण अमावास्येला, झूल, बेगड, घुंगुरमाळा, वाजतगाजत मिरवणूक आणि पुरणपोळीचा घास. कोल्हापूर-सांगलीकडे बैलांचा सण बेंदूर म्हणून आषाढातच येऊन जातो.

मला त्या मिरवणुकीपेक्षा आदली संध्याकाळ मोठी वाटते. नांगरणी, वखरणी, पेरणी, डवरणी, सगळा भार ज्या वीतभर जागेवर आला, जिथे जू टेकून टेकून कातडी राठ झाली, हात नेमका तिथेच जातो. ती जागा शेतकऱ्याला शोधावी लागत नाही. वर्षभर तो ती बघतच असतो.

आपले आभार बहुतेक वेळा या खांद्यापर्यंत पोचतच नाहीत. कार्यक्रमाच्या शेवटी ‘ज्ञात-अज्ञात अशा सर्वांचे’ आभार मानले जातात, तेव्हा सतरंज्या घालणारा आणि चहा करणारी मागे भांडी आवरत असतात. घरात ‘तू आहेस म्हणून सगळं चाललंय’ असं आपण म्हणतो. वाक्य गोड आहे, पण त्यात काहीच दिसलेलं नाही. ‘आजोबांना रात्री दोनदा उठवावं लागलं, तरी सकाळचा डबा तू वेळेवर दिलास’, हे म्हणायला आधी ते पाहावं लागतं. कृतज्ञतेचा सराव म्हणजे माझ्या लेखी हे पाहणंच.

आणि पाहू लागलं की गोष्टी लांबवर जातात. मुंबईत पहाटे नळाला पाणी येतं, कारण पालिकेचा चावीवाला ठरल्या वेळी येऊन रस्त्यावरची झडप उघडतो. पाणी येतं सात तलावांतून. त्यातला मोठा वाटा भातसा धरणाचा, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातला. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. हे कळल्यावर नळ वाहता सोडवत नाही.

यावर संशोधनही झालं आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने १० आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचेक गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत अधिक बरं वाटलं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा २०१८ मधला अभ्यास. त्यांनी लोकांना आभाराचं पत्र लिहायला लावलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना तितकं अवघडलेपण आलं नाही, आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा बराच जास्त झाला. आपल्या घरांत ‘आपल्याच माणसाचे कसले आभार’ म्हणून जे शब्द ओठांवर अडतात, ते एकदा सोडून बघावेत.

पण नुसते शब्द पुरत नाहीत, हेही पोळाच सांगतो. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, काम बंद. विदर्भात बैल दारी आणणाऱ्याला बोजारा देतात, म्हणजे गड्याच्या हातावरही काही पडतं. आभार आहेत आणि मजुरी थकलेली आहे, तर त्या आभारांना मी काडीचीही किंमत देणार नाही.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री झोपण्यापूर्वी एकच माणूस आठवा आणि त्याने आज नेमकं काय उचललं, ते एका ओळीत वहीत लिहा. उद्या ती ओळ त्याला वाचून दाखवा. आणि घरी कामाला मावशी येत असतील, तर या महिन्यात भरपगारी सुट्टी कोणत्या दिवशी हवी, हे त्यांनाच विचारा.