शून्यावर येणारी मोजणी

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘ब्लॅकजॅकमधील पत्तेमोजणी आणि अल्पमुदतीचे ट्रेडिंग : एक तुलना’ असा छापलेला आहे. त्यातील पहिल्या भागावर माझे फार प्रेम असल्यामुळे दुसऱ्या भागाच्या वाट्याला किती वेळ येईल याची हमी मी देत नाही, आणि संयोजकांना ही सूचना आधीच दिलेली आहे.

‘शेअर बाजार म्हणजे शुद्ध जुगार’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ट्रेडिंग करणाऱ्यांना त्याचा राग येतो. मलाही येतो, पण तो जुगाराच्या बाजूने येतो. कारण निदान एक जुगार असा आहे की ज्यात खेळणाऱ्याला पैज लावण्यापूर्वीच आपले पारडे जड आहे की हलके, हे आकड्यांत सांगता येते. बाजाराच्या पडद्यासमोर बसलेल्या किती जणांना हे सांगता येईल?

ब्लॅकजॅकचे नियम आपणास ठाऊक आहेत असे धरून चालतो; नसल्यास एवढेच की कॅसिनोच्या पत्ते वाटणाऱ्याशी, म्हणजे डीलरशी, स्पर्धा करत एकवीसच्या पुढे न जाता त्याच्याहून जवळ पोहोचायचे, चित्रांचे दहा आणि एक्क्याचे एक किंवा अकरा धरायचे. आपल्या पत्त्यांची बेरीज सोळापर्यंत असेल तोवर डीलरला पत्ता घ्यावाच लागतो. म्हणून उरलेल्या कॅटमध्ये दश्श्या आणि चित्रे अधिक असली की तो एकवीसच्या पुढे जाऊन बुडण्याची शक्यता वाढते. शिवाय पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले तर आपल्याला दिडीने पैसे मिळतात, डीलरला मात्र आपण लावलेली रक्कम तेवढीच मिळते. लहान पत्ते निघून गेले की आपला फायदा. म्हणून मोजणारा दुर्री ते छक्की दिसली की एक मिळवतो, दश्शी, चित्र किंवा एक्का दिसला की एक वजा करतो, आणि सात, आठ, नऊ यांकडे दुर्लक्ष करतो. कॅसिनोत बहुधा अनेक कॅट एकत्र खेळतात, म्हणून आलेल्या बेरजेला शिल्लक कॅटांच्या संख्येने भागले की जो आकडा येतो, त्याच्या प्रत्येक एककामागे खेळाडूचे पारडे साधारण अर्ध्या टक्क्याने वर सरकते. अचूक खेळणाऱ्यालाही मुळात सुमारे अर्धा टक्का तोटाच असतो. म्हणजे आकडा एक असेल तर बरोबरी, तीन असेल तर एक टक्का फायदा.

या पद्धतीतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. बावन्न पत्त्यांत अधिक आणि उणे दोन्ही वीस-वीस. त्यामुळे संपूर्ण कॅट उलटून संपला की बेरीज शून्यावर आलीच पाहिजे. ती आली नाही, तर चूक तुमची. नशिबाची नाही, डीलरची नाही, जागतिक घडामोडींची तर नाहीच. सराव करणारे घड्याळ लावून बसतात आणि तीस सेकंदांच्या आत शून्यावर यायला शिकतात. मी स्वतः पहिल्या आठवड्यात बहुधा उणे दोनवर उतरत असे, आणि कॅटमध्येच खोट असावी असा संशय घेऊन पत्ते मोजून पाहण्याइतका माझा आत्मविश्वास तेव्हा दांडगा होता.

आता अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांची गोष्ट. माझी व्याख्याने ऐकणाऱ्यांनी ती पूर्वी ऐकली असेल, त्यांनी क्षमा करावी. अमेरिकी लष्करातील चौघांनी हिशोबाच्या साध्या यंत्रांवर खपून या खेळाची उत्तम चाल काढली आणि १९५६ साली ती संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापून आणली. थॉर्प यांनी तोच प्रश्न एमआयटी या अमेरिकेतील तंत्रविद्यासंस्थेतील आयबीएम ७०४ संगणकावर घातला आणि विचारले, कॅटमधून अमुक पत्ते गेले तर काय होते? चारही पंज्या गेल्या की खेळाडू पुढे जातो, हे उत्तर आले. १९६१ साली त्यांनी ते गणितज्ञांच्या सभेत जाहीर केले. दोन धनिक जुगाऱ्यांनी खेळण्यासाठी एक लाख डॉलर देऊ केले असता थॉर्प यांनी दहा हजारच घेतले, नेवाडात काही दिवस खेळले आणि रक्कम दुपटीहून थोडी अधिक करून परतले. एक लाख नाकारणारा हा माणूस भित्रा नव्हता. फायदा किती हे माहीत असेल तर भांडवलाचा किती हिस्सा पणाला लावावा, याचे सूत्र बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी १९५६ सालीच मांडले होते आणि थॉर्प त्याला धरून चालत होते.

१९६२ साली त्यांचे पुस्तक निघाले. १९६४ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी घाबरून पणाची रक्कम दुप्पट करण्याच्या आणि एक्क्यांची जोडी फोडून दोन डाव करण्याच्या मुभेवर निर्बंध आणले. गिऱ्हाईक रोडावले, तेव्हा काही आठवड्यांतच जुने नियम परत आले. नंतर कॅसिनोंना खरा शोध लागला तो असा की, मोजता येते अशी वार्ता पसरल्यामुळे गर्दी वाढते आणि त्या गर्दीतील बहुतेकांना मोजता येत नाही. ट्रेडिंगचे वर्ग ज्यांनी बाहेरून पाहिले आहेत, त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. सहा मिनिटे उरली आहेत, तेव्हा तुलनेकडे वळतो.

माझ्या एका सहकाऱ्याने एकदा वहीच दाखवली : वीस सौद्यांपैकी चौदा फायद्यात. मी त्यांना एवढेच म्हणालो की शंभर जणांनी वीस-वीस वेळा नाणे उडवले, तर सुमारे सहा जणांचे कौल चौदा किंवा अधिक वेळा बरोबर येतील. ते अजून माझ्याशी मोजकेच बोलतात. पण हा त्यांचा दोष नाही. ब्लॅकजॅकमध्येही एका डावातील चढउतार पणाच्या सुमारे १.१५ पट असतो, त्यामुळे सरासरी एक टक्का फायदा धरला, जो मोजणाऱ्यालाही दुर्मीळच, तरी अपेक्षित नफा एकूण चढउताराच्या (तो डावांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो) बरोबरीला यायला तेरा हजारांहून अधिक डाव लागतात. फरक हा की मोजणारा तेरा हजार डाव थांबू शकतो, कारण आपला फायदा त्याला निकालावरून नव्हे, पत्त्यांवरून कळलेला असतो. ट्रेडरकडे निकालाखेरीज दुसरा पुरावा सहसा नसतो, आणि तेवढे सौदे होईपर्यंत बाजाराने कॅटच बदललेला असतो, तोही कोणाला न सांगता.

दुसरा मुद्दा खर्चाचा. एकवीसला दिडीऐवजी दहाला बाराच्या दराने पैसे देणारी टेबले आहेत. तेवढ्या एका बदलाने खेळाडूचा तोटा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणून मोजणारा तिथे बसतच नाही. दलाली, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर मिळून दर सौद्याला किती जाते, हे आपल्याला न विचारता सांगणारे ट्रेडर मला फार थोडे भेटले. ब्राझीलमधील निर्देशांकाच्या वायद्यांत तीनशेहून अधिक दिवस टिकून राहिलेल्या डे-ट्रेडरांचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांचा, अभ्यास झाला, त्यात ९७ टक्के तोट्यात निघाले.

तिसरा मुद्दा उलट बाजूचा आहे आणि प्रामाणिकपणासाठी तो सांगणे भाग आहे. मोजणारा ओळखू आला की कॅसिनो त्याला बाहेर काढतो किंवा पत्ते लवकर पिसायला लागतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली हाकलण्याला मनाई केली, तर तिथे पिसणे वाढले. बाजार कोणाला हाकलत नाही. म्हणून थॉर्पही पुढे बाजारातच गेले आणि १९६९ साली त्यांनी गुंतवणूक निधी काढला. पण तिथे त्यांनी आलेखाकडे टक लावली नाही. शेअर आणि त्याच शेअरचे वॉरंट (तो शेअर ठरलेल्या भावाने पुढे घेण्याचा हक्क) यांच्या भावांतील नाते गणिताने बांधता येते, तेव्हा त्या जोडीत महाग काय आणि स्वस्त काय, हे पाहून एक घ्यायचे व दुसरे विकायचे, असा त्यांचा व्यवसाय होता. उरलेल्या कॅटचा अंदाज येईल अशीच जागा त्यांनी बाजारातही शोधली. अशा जागा आजही असतील. त्या कुठे आहेत हे मला ठाऊक असते तर मी आज व्याख्यान देत नसतो.

वेळ संपली. टिप विचारणार असाल तर कृपया विचारू नका. पत्त्यांचा कॅट मात्र मी सोबत आणला आहे. तीस सेकंदांत शून्यावर येऊन पाहायचे असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर मंचाजवळ यावे.