स्कागेफ्लो: कड्यावरचे शेतघर

होडीतून वर पाहिले, तर आधी नुसता उभा कडा दिसतो. नजर स्थिरावली, की पाण्यापासून सुमारे २५० मीटर उंचीवरच्या एका अरुंद सपाटीवर लाकडी घरे दिसू लागतात. हे स्कागेफ्लो, पश्चिम नॉर्वेतील गाइरांगर फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, काठावरचे, १९१८ पर्यंत नांदते असलेले शेतघर.

येथे धान्यापेक्षा गवताला मोल होते. शंभराहून अधिक शेळ्या हीच या घराची खरी मिळकत असल्यामुळे, छोट्याशा उन्हाळ्यात कपारीकपारीतले गवत कापणे, वाळवणे आणि लांबलचक हिवाळ्यासाठी साठवून ठेवणे, याच कामाभोवती सगळ्यांचे वर्ष फिरत असे. शेळीच्या दुधाचे चीज केल्यावर उरणारी निवळी या देशात वाया घालवत नाहीत. ती तासन्‌तास आटवतात, तिच्यातली साखर हळूहळू तपकिरी होत जाते आणि शेवटी खरपूस खव्याची आठवण करून देणारा गोड-खारट गोळा हाती येतो. त्यालाच ब्रुनोस्ट म्हणतात. करवसुलीसाठी अधिकारी येताना दिसला, की इथली माणसे वाटेवरची शिडी वर ओढून घेत, अशी आख्यायिका आहे. पण ज्या वाटेने रोजचे ओझे पाठीवर घेऊन चढायचे, ती वाट पाहिली, की मला त्या शिडीपेक्षा त्या पाठींचेच अधिक अप्रूप वाटते.

फियॉर्डच्या टोकाला गाइरांगर हे गाव असून तेथे १८४२ मध्ये बांधलेले अष्टकोनी लाकडी चर्च आहे. समोरच्या काठावर, ‘सात बहिणी’ नावाच्या धबधब्याशेजारी, क्निव्हस्फ्लो हे शेतघर आहे. डोक्यावरचा खडक कोसळण्याच्या भीतीने ते स्कागेफ्लोच्याही आधी रिकामे झाले. ही भीती पोकळ नव्हती. याच परिसरातील टाफ्योर्ड येथे ७ एप्रिल १९३४ रोजी डोंगराचा कडा पाण्यात कोसळला आणि उसळलेल्या लाटेने ४० जणांचा बळी घेतला. आजही ओक्नेस डोंगरातील रुंदावत जाणाऱ्या भेगेवर यंत्रांची सतत नजर असते, कारण तो ढासळल्यास हेलेसिल्ट आणि गाइरांगर या गावांच्या हाती काही मिनिटेच उरतील.

माणसे गेल्यावर ही घरेही गेली असती. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टुरफ्योर्डेन्स व्हेनर’ या संस्थेने, म्हणजे गाइरांगर ज्याचा फाटा आहे त्या स्टुरफ्योर्ड या मोठ्या फियॉर्डच्या मित्रमंडळाने, ती सावरली. १९९३ मध्ये राजे हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी आपल्या विवाहाचा २५ वा वाढदिवस साजरा केला, तो येथेच, शेळ्यांच्या या जुन्या अंगणात.