गिनीपिगचा पिंजरा अन् भादव्यातला ताप

भादवा लागला की आमच्या परभणीकडं घरटी एक तरी शिंकतंच. आजी म्हणती, भिजलास ना पावसात, भोग आता. डॉक्टर म्हणतो व्हायरल आहे. पण हा फ्लू एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या नाकात जातो कसा, हवेतून का अंगाला अंग लागून? हे बघायला आजारी माणसाशेजारी कुणी आपलं लेकरू थोडंच बसवणार, म्हणून जनावरं लागली.

आधी आला फेरेट, दिसायला आपल्या मुंगसासारखा लांबुळका. १९३३ ला लंडनमधी मिल हिलच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत स्मिथ, अँड्र्यूज अन् लेडलॉ या तिघांनी फ्लूच्या पेशंटच्या गुळणीचं पाणी फेरेटच्या नाकात सोडलं, तर दोनेक दिवसांत त्याला ताप, नाक गळतंय, शिंका चालू, अगदी आपल्यासारखं. १९३६ ला तर आजारी फेरेट स्टुअर्ट-हॅरिस नावाच्या डॉक्टरच्या तोंडावरच शिंकलं अन् डॉक्टरच आडवा झाला! उंदीर स्वस्त पडतो हो, पण तो फ्लूमधी शिंकत नाही, शेजारच्या उंदराला सहसा लावतही नाही, मग पसरणं बघायला त्याचा काय उपयोग.

आता हे गिनीपिग बघा, उंदराच्याच भावकीतलं पण सशासारखं गुबगुबीत जनावर. २००७, न्यूयॉर्क, माउंट सिनाय नावाचं मेडिकल कॉलेज. एका पिंजऱ्यात आजारी, शेजारच्यात धडधाकट, मधी जाळी, म्हणजे हवा जाईल पण अंग लागणार नाही. तापमान, दमटपणा सगळं मशीनच्या हातात. ५ अंशाला फ्लू जोरात पसरला आणि ३० अंशाला एकालाही लागला नाही.

झालं, मग थंडीचाच आजार म्हणायचा का हा? मग आमच्याकडं भर पावसाळ्यात कसा येतो? तर २००८ ला त्याच टीमनं दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवलं, तापमान तेच ३०, अन् तरी बहुतेकांना लागण झाली. म्हणजे गरमीत हवेचा रस्ता बंद पडला तरी संगतीचा चालूच. मला तर लगेच पावसातली एसटी आठवली, काचा बंद, एका सीटवर तिघं, एकच दांडी सगळ्यांच्या हातात. अर्थात पिंजरा म्हणजे एसटी नाही, गिनीपिग म्हणजे माणूस नाही, अन् आपल्या पावसाळ्यातल्या फ्लूचं कोडं एवढ्यावरून सुटत नाही.

पण मला सगळ्यात भारी वाटला तो २०२० चा प्रयोग. आधीच फ्लू होऊन गेलेले, म्हणजे आता परत न होणारे गिनीपिग घेतले अन् ब्रशनं त्यांच्या केसांवर विषाणू नुसता लावला. ते बिचारे आजारी नाहीत, त्यांच्या श्वासात विषाणू नाही, नुसते पिंजऱ्यात फिरले, अंग खाजवलं, बारीक धूळ उडाली, अन् त्या धुळीनं शेजारच्या काहींना फ्लू झाला.

हे आजीला सांगितलं तर म्हणली, मंग गोधडी पण आली की त्यात. तवापासून तापातून उठलेल्याची गोधडी ती घरात झटकत नाही, पार अंगणाच्या कडंला नेती, तोंडाला पदर लावून.