दाराशी दोन एल्डर

(दृश्य: सकाळ. ओल्या पानांचा सडा पडलेला रस्ता. दोन सायकली.)

पर्थ अँबॉय. न्यू जर्सीच्या काठावरचं छोटं शहर. समोर पाणी, पाण्यापलीकडे स्टेटन आयलंड. इथल्या दर चार माणसांतली तीन लॅटिन अमेरिकी मुळांची. त्यामुळे दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, न्हाव्याकडचा रेडिओ स्पॅनिश, बेकरीतली भांडणंही स्पॅनिश.

आणि ऑक्टोबरच्या या गारठ्यात पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर हेल्मेट आणि छातीवर नावाची काळी पट्टी अशा थाटात सायकल दामटणारी ही दोन पोरं. दारोदार जाऊन धर्मप्रचार करणारे मिशनरी. उंच आहे तो आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला. ठेंगणा आहे तो पेरू देशातल्या लिमाचा. पट्टीवर नाव म्हणून नुसतं आडनाव असतं आणि आडनावाआधी 'एल्डर'. एल्डर म्हणजे ज्येष्ठ. उंच ज्येष्ठांचं वय एकोणीस. आठवड्यातून दोनदा दाढी केली तरी त्यांचं भागेल, पण नियम रोजचा आहे.

त्यांची आडनावं या फिल्ममध्ये येणार नाहीत. उंच आणि ठेंगणा, एवढं पुरेल.

लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. चर्चचं खरं नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. 2018 साली चर्चच्या अध्यक्षांनी सांगितलं, की टोपणनाव नको, पूर्ण नाव घ्या. तेव्हा 'मॉर्मन' म्हटलं की उंच एल्डर अजिबात न चिडता आपल्याला पूर्ण नाव ऐकवतो. निवेदनाला दर वेळी ते झेपणार नाही. त्याची आधीच माफी मागितली आहे.

(दृश्य: खोली. दोन पलंग, दोन टेबलं, भिंतीवर शहराचा नकाशा.)

उठायचं साडेसहाला. मग व्यायाम, आंघोळ, न्याहारी, धर्मग्रंथाचं वाचन. रात्री साडेदहाला दिवा बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणं नाही. या धर्मप्रचारात मुलगे चोवीस महिने काढतात, मुली अठरा. मुलींना 'सिस्टर' म्हणतात. 2012 पर्यंत मुलग्यांना एकोणीस पूर्ण व्हावी लागत, आता अठराव्या वर्षी निघता येतं. जगभरात असे 70 हजारांहून जास्त जण आज कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर आहेत.

पगार नाही. उलट घरचेच पैसे भरतात. अमेरिकेतल्या मुलाला 2020 पासून महिना 500 डॉलर. टोकियोत पाठवा नाहीतर पर्थ अँबॉयला, आकडा तोच.

एकटं राहायचं नाही, हा सगळ्यांत मोठा नियम. जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. आंघोळीपुरती काय ती सुटका. जोडीदार आपण निवडायचा नसतो. साधारण दर सहा आठवड्यांनी वरून निरोप येतो: कोण हलणार, कोण राहणार.

(दृश्य: फ्रिज. चिठ्ठ्यांनी भरलेला.)

या फ्रिजवर कॅमेरा जरा जास्त वेळ थांबलाय. मुद्दाम थांबवलाय. फ्रिजवर फ्रिजचं स्पॅनिश नाव. खिडकीवर 'ला व्हेंताना'. दारावर 'ला पुएर्ता'. आरशावर क्रियापदं, म्हणजे दाढी करताना भूतकाळ पाठ होतो.

आयडाहोहून निघाला तेव्हा उंच एल्डरला स्पॅनिश येत नव्हती. कुठे जायचं, कोणत्या भाषेत बोलायचं, हे चर्च ठरवतं. पूर्वी घरी जाडजूड पाकीट यायचं, सगळं घर गोळा करून ते फोडायचे. आता पत्र फोनवर येतं, घर मात्र गोळा होतंच. त्याच्या पत्रात लिहिलं होतं: न्यू जर्सी, स्पॅनिश. घरापासून तीन हजार किलोमीटरहून जास्त, आणि देश तोच असून भाषा परकी.

(दृश्य: प्रोव्हो, युटा. इमारती, मागे डोंगर.)

ही दृश्यं मागच्या उन्हाळ्यातली. प्रोव्होचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र. इथे पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. स्पॅनिशला सुमारे सहा आठवडे, मँडरिनसारख्या अवघड भाषेला नऊ. आत चित्रीकरण केलेलं नाही, म्हणून तुम्हाला भिंती आणि डोंगरच दिसतायत. आतलं ऐकलेलं सांगतो.

शिकवणारे बहुतेक करून वीस-बावीस वर्षांचे. तेही नुकतेच असेच कुठून कुठून परत आलेले, शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकणारे. पहिल्या काही दिवसांतच प्रार्थना नव्या भाषेत करायची. मग शिक्षक अनोळखी घरमालक होतो, दार उघडतो, आणि तुम्ही बोलायचं. शब्द चार असोत, चाराचं काय होईल ते करायचं. आधी तोंड उघडायचं, व्याकरण मागून धापा टाकत येतं. आपसातही तीच भाषा बोलायची. 'स्पीक युअर लँग्वेज', हे तिथलं रोजचं पालुपद.

उंच एल्डरनं पहिल्या आठवड्यात भूक लागली म्हणून सांगितलं. भूक म्हणजे 'आंब्रे', माणूस म्हणजे 'ओंब्रे'. त्यानं सांगितलं, "माझ्यापाशी माणूस आहे." वर्ग हसला, जेवण मिळालं.

मी दर शनिवारी जवळच्या एडिसन गावात मराठी शाळेत शिकवतो. सहा वर्षं झाली. आम्ही बाराखडीपासून सुरुवात करतो, आणि बरीच मुलं बाराखडीच्या आसपासच मोठी होतात. निबंध लिहितात, बक्षीस घेतात, आणि आजीशी इंग्रजीत बोलतात. असो. पर्थ अँबॉयला परत जाऊ.

(दृश्य: चर्चचा हॉल. फळा. खुर्च्यांवर बारा-पंधरा माणसं.)

बुधवारची संध्याकाळ. इंग्रजीचा मोफत वर्ग. येणाऱ्यांत कुणी गोदामात काम करतं, कुणी इमारती रंगवतं. काहींना धर्मात रस आहे, काहींना फक्त इंग्रजीत, आणि फक्त इंग्रजी हवी असली तरी चालतं. उंच एल्डर फळ्यावर लिहितो, ठेंगणा खाली बसून त्याचं स्पॅनिश दुरुस्त करतो. वर्ग संपला की उलटं: ठेंगणा इंग्रजीत बोलतो आणि उंच दुरुस्त करतो.

या पोरांची भाषा पुढे आयुष्यभर पुरते. जॉन हंट्समन विशीत तैवानला असाच गेला होता, मँडरिन शिकून आला, आणि 2009 मध्ये अमेरिकेचा चीनमधला राजदूत झाला. अमेरिकी राजकारणी मिट रॉम्नीचं फ्रेंच 1960च्या दशकात फ्रान्समध्ये दारं ठोठावूनच आलं.

दारं ठोठावण्याची ही रीत चर्चइतकीच जुनी. 1830 साली 'बुक ऑफ मॉर्मन' हा त्यांचा धर्मग्रंथ छापला गेला, आणि त्याच वर्षी संस्थापक जोसेफ स्मिथचा धाकटा भाऊ सॅम्युएल प्रती पाठीशी मारून पायी निघाला. बावीस वर्षांत ही मंडळी आपल्या मुंबईपर्यंत पोचली. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस 1852 मध्ये मुंबईत उतरला, मग पुण्याला गेला. लष्करी अधिकाऱ्यांना गोऱ्या शिपायांत हा नवा उपदेश नको होता. काही वर्षांत ती मोहीम आटोपली.

(दृश्य: दारं. एकामागून एक.)

त्या दुपारी मी 31 दारं मोजली. उघडली नऊ. आत बोलावलं एकानं.

सगळ्यांचीच दोन वर्षं पूर्ण होतात असं नाही. काही जण आजारपणानं, काही मन खचल्यानं मधूनच परततात, आणि जिथे सगळं गाव चर्चला जातं तिथे लवकर परतलेल्याला खूप नजरा झेलाव्या लागतात.

(दृश्य: लाँड्री. गोल काचेमागे फिरणारे पांढरे शर्ट.)

सोमवार. तयारीचा दिवस. कपडे, किराणा, केस कापणं, आणि घरी फोन. 2019 पर्यंत फोन वर्षातून दोनदाच व्हायचा, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी फक्त पत्रं आणि ईमेल. आता आठवड्याला करता येतो. ठेंगण्याचा फोन इथेच आला, मशीन सुरू असताना.

(लिमाचा फोन. फक्त मशीनचा आवाज.)

(दृश्य: एडिसन. आमच्या घराचं दार, आतून.)

आता हे दोघे माझ्या फिल्ममध्ये आले कसे, ते. चुकून आले. एका स्पॅनिश कुटुंबाचा पत्ता शोधत एडिसनला आले आणि आमची घंटा वाजवली. दार माझ्या आईनं उघडलं. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली. तिला वाटलं, बँकेची माणसं. बसवलं, चहा टाकायला गेली.

चहा नको म्हणाले! त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. 1833 सालच्या उपदेशातून आलेला दंडक. आईला हे मीच समजावलं आणि तिला ते अजूनही पटलेलं नाही. "दारूचं कळलं रे, पण चहानं काय केलंय?" मग कोकम सरबत निघालं. ते प्याले. उंच एल्डरनं खिशातून वही काढली आणि विचारलं, ह्याला काय म्हणतात? पाण्याला काय? आजीला काय?

वहीचं हे पान नीट पाहा. कोकम. पाणी. आजी. पोहे. पुरे. 'पुरे'खाली दोन रेघा आहेत. आईच्या हातचं खाल्लेल्या माणसाला हा शब्द लागतो.

त्यानंतर ते चार वेळा आले. धर्माचं बोलणं एकदाच निघालं. आईनं विठोबाचा फोटो दाखवला, त्यांनी त्यांच्या येशूचा, आणि दोघांनी एकमेकांचे फोटो छान आहेत म्हणून सांगितलं. बाकी वेळ शब्दांतच गेला. उंच एल्डर शब्द नुसते कानांनी उचलायचा, आणि ऐकायचा फक्त आईचं. त्यामुळे हा सहा फुटी मुलगा "मी खाते", "मी बसते" असं बोलायचा. आईनं ते कधी दुरुस्त केलं नाही. तिला गोड वाटायचं. या सगळ्या वेळात माझा मुलगा सोफ्यावर होता, फोनमध्ये. तो प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात दिसेल.

(दृश्य: नोव्हेंबर. दारात दोघे. डिकीत दोन बॅगा.)

वरून निरोप आला. उंच एल्डर राज्याच्या दुसऱ्या टोकाला. ठेंगणा इथेच, नव्या जोडीदाराबरोबर.

आईनं डबा दिला. निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, हे तिनं त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो दारात थांबला, वही न काढता म्हणाला, "आजी, येते."

सोफ्यावरून आवाज आला, मान वर न करता: "येते नाही. येतो."

(आई. निवेदन नाही.)